पळत्या पट्ट्याचं यंत्र

मुलांनो, हे पान वाचता वाचता एक काम करा. तुम्ही ज्या बाकावर, टेबलावर किंवा पाटावर बसला असाल त्याच्या खालच्या बाजूवरून हलकेच बोट फिरवा. वरची बाजू कशी छान गुळगुळीत असते! आणि खालची? खरखरीत. जपून हं, कुसळ टोचेल.

असंच एक कुसळ आमच्या पहिलीतल्या एका मुलीच्या बोटात गेलं आणि तिथूनच ही सगळी गोष्ट सुरू झाली.

मी कोकणातल्या एका छोट्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकक आणि दशक शिकवायला लाकडी ठोकळे फार उपयोगाचे. दोन सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा म्हणजे एकक आणि वीस सेंटिमीटर लांबीचा दांडा म्हणजे दशक. दहा ठोकळे ओळीनं लावले, शेजारी दांडा ठेवला, की मूल आपणहून म्हणतं, "बाई, दोन्ही सारखे!" फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही ते असं एका मिनिटात कळतं. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पुठ्ठ्याचे ठोकळे केले होते. पण पुठ्ठा पहिलीच्या हातात एक पावसाळासुद्धा काढत नाही. म्हणून मी शेजारच्या सुतारकाकांकडून फणसाच्या नि आंब्याच्या लाकडाचे तुकडे मागून आणले आणि करवतीनं ठोकळे कापले. घाई होती, म्हणून ते तसेच वर्गात नेले. पहिल्याच दिवशी ती मुलगी बोट धरून माझ्यापुढे उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण रडत नव्हती. सुईनं कुसळ काढलं, हळद लावली. दुसऱ्या दिवशी तिनं ठोकळ्यांना हातच लावला नाही. बाकीची मुलं मोजत होती आणि ती हात पाठीमागे बांधून बसली होती.

मग मी ठोकळे घरी आणले आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. आता हिशेब करा. ठोकळे शंभर. प्रत्येकाला सहा बाजू. म्हणजे सहाशे बाजू घासायच्या. दांडे वीस, ते वेगळेच. आठ दिवसांत जेमतेम तीस ठोकळे झाले आणि माझ्या बोटांची टोकं मात्र ठोकळ्यांपेक्षा गुळगुळीत झाली!

सुतारकाका येता-जाता बघत होते. एक दिवस ते म्हणाले, फर्निचरच्या मोठ्या कारखान्यात यासाठी यंत्र असतं. दोन रुळांवर पॉलिश पेपरचा पट्टा गरगर फिरतो, लाकूड नुसतं टेकवायचं. विकतचं यंत्र आपल्याला परवडणारं नव्हतं. पण यंत्र कसं चालतं हे कळलं, तर ते घरी का करता येऊ नये? मे महिन्याची सुट्टी समोर होती. काकांच्या पडवीत आमचा कारखाना सुरू झाला. कामगार तीन: काका, मी आणि माझा आठवीतला भाचा.

यंत्राकडे वळण्याआधी पॉलिश पेपरबद्दल थोडं सांगते, कारण खरं काम तोच करतो. बाकीचं यंत्र म्हणजे त्याला पळवणारा घोडा.

काही जण त्याला अजून काचपेपर म्हणतात. पूर्वी खरोखरच काचेची पूड कागदावर चिकटवत, त्यावरून ते नाव राहिलं. आताच्या कागदावर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. हे सिलिकॉन कार्बाइड अमेरिकेतल्या एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये अचानक सापडलं. त्यांना हिऱ्यासारखं काहीतरी कठीण बनवायचं होतं. माती आणि कोक यांचं मिश्रण त्यांनी विजेनं प्रचंड तापवलं, तर चमचमणारे कण मिळाले. हिरा नव्हता, पण हिऱ्याच्या बराच जवळ जाणारा कठीणपणा होता. अपयश असावं तर असं!

भिंगातून बघितलं तर कागदावर असंख्य टोकदार सुळके दिसतात. प्रत्येक सुळका म्हणजे एक इवलीशी पटाशी. म्हणजे पॉलिश पेपर लाकूड 'घासत' नाही, कापतो. रंधा एक मोठी साल काढतो आणि हा लाखो बारीक साली काढतो. त्यालाच आपण भुसा म्हणतो.

कागदाच्या पाठीवर आकडा छापलेला असतो: ६०, ८०, १२०, २२०. आकडा मोठा तेवढा कागद जास्त खरखरीत, असं माझ्या भाच्याला वाटलं होतं. उलटं आहे! हे आकडे चाळणीवरून आले. एक इंच लांबीत चाळणीला जितकी भोकं, साधारण तितका आकडा. आईची रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी शेजारी ठेवून बघा. मैद्याच्या चाळणीला इंचात भोकं जास्त, म्हणून त्यातून पडणारा कण बारीक. तसंच हे. आधी ६०चा कागद करवतीचे ओरखडे काढतो, मग १२०चा कागद ६०चे ओरखडे काढतो, मग २२०चा १२०चे. मधली पायरी गाळून ६०वरून एकदम २२०वर उडी मारली, तर घासत बसावं लागतं आणि ओरखडे काही जात नाहीत. मी हे केलं आहे, म्हणून सांगते.

आता घोडा. जुन्या सामानाच्या दुकानात आम्हाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार मिळाली. तिच्या अंगावर पत्र्याची छोटी पाटी होती. यंत्राची पाटी वाचायला शिका, मुलांनो. ती त्याची जन्मपत्रिकाच असते. आमच्या पाटीवर लिहिलं होतं: मिनिटाला १४४० फेरे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. चार चुंबकीय ध्रुवांच्या मोटारीत तिच्यामुळे चुंबकाचं क्षेत्र सेकंदाला पंचवीस वेळा, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा फिरतं. मोटारीचा दांडा त्याच्या मागे धावतो, पण त्याला पुरतं गाठू शकत नाही, थोडा मागे राहतो. म्हणून १५०० नाही, १४४०. काकांनी मोटार निवडताना एकच गोष्ट पाहिली, ती बंद अंगाची आहे ना. उघड्या मोटारीत भुसा शिरतो आणि आत ठिणगी उडाली तर तो पेट घेतो.

मोटारीच्या दांड्यावर एक रूळ बसवायचा, समोर दुसरा मोकळा फिरणारा रूळ आणि दोघांवर पट्टा. रूळ किती जाड? आम्ही व्यास पंचाहत्तर मिलिमीटर ठरवला. भाच्याला म्हटलं, "आता पट्टा किती वेगानं पळेल, सांग."

त्यानं वही काढली. तुम्हीही काढा. रुळाचा घेर म्हणजे ७५ गुणिले २२ भागिले ७, साधारण २३६ मिलिमीटर. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. म्हणून पट्टा सेकंदाला २४ गुणिले २३६, म्हणजे ५६६४ मिलिमीटर पुढे जातो. साडेपाच मीटरच्या थोडं वर! शंभर मीटरची शर्यत तो अठरा सेकंदांच्या आत संपवेल. तासाला वीस किलोमीटर. भाचा खूश झाला, "माझी सायकलपण एवढीच पळते!" मी म्हटलं, मग सायकलवरून डांबरी रस्त्यावर पडल्यावर गुडघ्याचं काय होतं ते आठव. तेच या पट्ट्यावर बोट टेकलं तर होईल. तो गप्प झाला. हा आकडा तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा हिशेब दोन रुळांमधल्या अंतराचा. बाजारात शंभर मिलिमीटर रुंद आणि ९१५ मिलिमीटर घेराचे तयार पट्टे मिळतात. पट्टा दोन्ही रुळांना अर्धा-अर्धा गुंडाळतो, म्हणजे मिळून एक पूर्ण घेर, २३६. उरले ६७९. त्याचे दोन भाग, एक वरचा आणि एक खालचा. म्हणजे रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ३४० मिलिमीटर. मोकळा रूळ थोडा पुढे-मागे सरकला पाहिजे, नाहीतर पट्टा चढवणार कसा? तो ओढून ताणून धरायला काकांनी जुन्या सायकलच्या स्टँडची स्प्रिंग लावली. ती इतकी चपखल बसली, की जणू त्यासाठीच जन्मली होती.

मोकळ्या रुळाच्या दोन्ही टोकांना बेअरिंगं बसवली. दुकानात ६२०२ नंबर सांगितला की झालं. आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५. छताच्या पंख्यातही बऱ्याचदा हेच असतं. मोटारीकडचा रूळ मात्र नुसता ठोकून बसवायचा नाही. काकांनी लेथवाल्याकडून लोखंडी बुश करून आणला, तो मोटारीच्या दांड्यावर स्क्रूनं आवळला आणि रूळ त्या बुशला बोल्टनं जोडला. सैल रूळ सेकंदाला चोवीस फेरे घेताना सुटला तर तो तोफेचा गोळाच.

रुळांसाठी आम्ही आंब्याचं लाकूड घेतलं. हे माझं डोकं. काका "प्लायवूड घ्या" म्हणत होते. पण पडवीत आंब्याचा छान ओंडका पडला होता आणि मला काटकसर सुचली. या काटकसरीची गोष्ट पुढे येईल.

यंत्र जोडून झालं. दोन्ही रुळांच्या मधे, पट्ट्याच्या वरच्या पदराखाली, लोखंडाची सपाट जाड पट्टी, म्हणजे लाकूड दाबलं तरी पट्टा खाली वाकणार नाही. पट्टा वरून मोटारीच्या दिशेनं पळणार आणि त्या टोकाला आडवी अडणी, लाकूड टेकवायला. अडणी आणि पट्टा यांत जेमतेम दीड मिलिमीटर फट. जास्त ठेवली तर लाकूड नाहीतर बोट आत ओढलं जाईल. आम्ही तिघं मागे उभे राहिलो. काकांनी बटण दाबलं.

घर्रर्र... फट्!

पट्टा दोन सेकंदसुद्धा टिकला नाही. सरकत सरकत कडेला गेला, रुळावरून उडाला आणि थेट तुळशीवृंदावनाजवळ जाऊन पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चार वेळा तोच खेळ. तेव्हा माझ्या मनात आलं, पट्टा मध्यावर राहावा तर रूळ मधे खोलगट करावा. खड्ड्यात पडलेला चेंडू खड्ड्यातच राहतो ना? काका हसले आणि त्यांनी बरोबर उलटं केलं. रूळ मधे जाड ठेवला आणि दोन्ही कडांकडे मिलिमीटरभर उतरता केला. म्हणजे लाटण्यासारखा!

मला वाटलं, आता तर पट्टा अजून लवकर घसरेल. बटण दाबलं. पट्टा थोडा डावीकडे गेला, थबकला आणि आपणहून मध्यावर येऊन बसला. हाकेला आलेल्या वासरासारखा.

विश्वास बसत नसेल तर हा प्रयोग घरी करा. याला वीज लागत नाही. आईचं मधे जाड असलेलं लाटणं घ्या आणि एक सरळ काठी. शिवणाच्या दुकानात मिळणाऱ्या रुंद इलॅस्टिकची दोन्ही टोकं सपाट शिवून गोल पट्टा करा. एकानं काठी धरायची, दुसऱ्यानं लाटणं, मधे पट्टा ताणलेला. पट्टा मुद्दाम लाटण्याच्या एका बाजूला ठेवा आणि लाटणं सावकाश गोल फिरवत राहा. पट्टा हळूहळू जाड भागाकडे चढत जाईल. दोन्ही काठ्या समांतर धरा मात्र, नाहीतर पट्टा भलतीकडे जाईल आणि तुम्ही मला बोल लावाल.

असं का होतं? उतारावर बसलेला पट्टा त्या उताराला चिकटून राहायला बघतो आणि त्यामुळे किंचित वाकतो. त्याचा मागून येणारा भाग उंच बाजूकडे झुकतो आणि रुळावर थोडा वर जाऊन पडतो. पुढच्या फेऱ्यात अजून थोडा वर. असा चढत चढत तो शिखरावर पोचतो. तिथे दोन्ही बाजूंचे उतार त्याला सारखेच खेचतात, म्हणून तो थांबतो. जुन्या पिठाच्या गिरण्यांमध्ये सपाट पट्ट्याची मोठी चाकं असत, तीसुद्धा मधे अशीच फुगीर असायची. अजून कुठे तशी गिरणी दिसली तर दारातून नक्की बघा.

राहिलेला बारीकसारीक वाकडेपणा काढायला मोकळ्या रुळाच्या एका टोकाला बोल्ट आहे. तो पाव फेरा फिरवला की रूळ केसभर तिरका होतो आणि पट्टा सरकतो. आधी प्लग काढून, रूळ हातानं फिरवून बघायचं. मगच वीज.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पाऊसही. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. कपाटातले कपडे, पापड, वह्या, सगळं सर्द. एका रविवारी यंत्र सुरू केलं तर ते थडथड उडायला लागलं. आंब्याच्या रुळानं दमट हवेतलं पाणी पिऊन अंग फुगवलं होतं. लाकूड सगळीकडे सारखं फुगत नाही. ज्या दिशेनं वर्षावर्षाची वलयं असतात त्या दिशेनं जास्त, त्याच्या आडवं कमी आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे गोल रूळ लंबगोल झाला होता. काका एवढंच बोलले, "मी सांगललंय ना तुमका!"

त्याच दिवशी पट्टाही गेला. तयार पट्टा आणण्याऐवजी मी कापडी पाठीच्या गुंडाळीतून तुकडा कापून घरीच सांधला होता. सांधा तिरपा कापला होता, ते बरोबर होतं. सरळ सांधा एकदम सगळाच लाकडावर आपटतो, आणि पट्टा सेकंदाला सहा वेळा फिरत असल्यामुळे सेकंदाला सहा धक्के बसतात. तिरपा सांधा हळूच निसटून जातो. पण दमट हवेत माझा डिंक सुटला. तेव्हापासून पट्टे कोल्हापूरहून तयार आणते. त्यांच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असतो, पट्टा त्याच दिशेनं पळायला हवा. उलटा लावला तर सांध्याची कड लाकडात अडकून उचकटते. आणि पट्टा घडी घालून ठेवायचा नाही, जाड नळीवर टांगून ठेवायचा.

रूळ नव्यानं केले. अठरा मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडच्या सहा-सहा चकत्या कापून एकावर एक चिकटवल्या. प्लायवूडमध्ये एका थराच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या असतात. एक थर फुगू लागला की शेजारचा त्याला धरून ठेवतो. चकत्या चिकटवायचं काम भाच्याचं. रूळ अगदी गोल करायला काकांनी तो मोटारीवर चढवला आणि फळीवर चिकटवलेला पॉलिश पेपर त्याला हलकेच टेकवला. म्हणजे यंत्रानं स्वतःचाच रूळ घडवला!

आता जे सांगायचं आहे ते आई-बाबांनीही वाचावं.

पहिल्या दिवशी मी साडीचा पदर कमरेला खोचून यंत्रापुढे उभी राहिले. काकांनी प्लगच काढून हातात घेतला. म्हणाले, "बाईनू, पदर खोचून भागाचा नाय. पट्ट्याक डोळे नसतत." मी घरी जाऊन ओढणीशिवाय पंजाबी ड्रेस घालून आले, केस वर बांधले, बांगड्या काढल्या. तुमच्या मनगटावर राखी असेल, गळ्यात गोफ असेल, लांब वेणी असेल, तर यंत्रापासून दूर राहायचं. हातमोजे घालावेत असं कोणालाही वाटेल. पण फिरत्या यंत्रापुढे हातमोजे घालायचेच नाहीत. मोज्याचा धागा अडकला की तो हातासकट खेचला जातो.

इतकं सगळं पाळूनही मी एकदा चुकले. दोन सेंटिमीटरचा ठोकळा मी चिमटीत धरून पट्ट्यावर टेकवला. ठोकळा तिरका झाला आणि निसटला. बोट होतं तिथेच राहिलं. किती वेळ? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. तर्जनीच्या टोकाची कातडी गेली. तासाला वीस किलोमीटर, आठवतं? तीन आठवडे मी खडू मधल्या बोटानं धरत होते. मुलं रोज विचारत, "बाई, दुखतं?" आणि ज्या मुलीला कुसळ टोचलं होतं तिनं घरून हळदीची पुडी आणली होती.

तेव्हापासून आमचा नियम असा. मोजमाप, आखणी, हिशेब, चिकटवणं, हातानं शेवटचा बारीक पॉलिश पेपर मारणं, ही मुलांची कामं. विजेची जोडणी, बटण आणि फिरता पट्टा मोठ्यांचा, तोही यंत्राची सवय असलेल्या मोठ्यांचा. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच, आमची तर पडवी ओली असते. पट्टा बदलताना नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा.

भुशाबद्दल मात्र मलाच आधी माहीत नव्हतं. फणसाचा पिवळाधमक भुसा पडवीच्या पायऱ्यांवर पसरला की हळद सांडल्यासारखा सुंदर दिसतो. याच फणसाच्या गाभ्याच्या रंगात आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू आपली वस्त्रं रंगवत आले आहेत. पण तो नाकातून आत जायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना माणसाला कर्करोग होऊ शकतो अशा गोष्टींत केली. म्हणून हे यंत्र घरात नाही, उघड्या पडवीतच. नाकावर चांगला मास्क, डोळ्यांना चश्मा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. जुना रंग लावलेलं लाकूड पट्ट्यावर धरायचंच नाही, त्या रंगात शिसं असू शकतं. आणि लाकूड घासलेल्या यंत्रावर लोखंड घासायला जाऊ नका. ठिणगी आणि कोरडा भुसा एकत्र आले की काय होईल ते सांगायला नको.

आता ठोकळ्यांकडे येऊ या. एवढा खटाटोप त्यांच्यासाठीच तर होता.

शंभर ठोकळे झाले. बोट फिरवलं तर लोण्यासारखे. कडासुद्धा मऊ. वीस दांडेही झाले. मी ऐटीत पेटी वर्गात नेली. मुलांच्या उड्याच पडल्या. ती मुलगीही आली. तिनं आधी एका ठोकळ्यावरून बोट फिरवलं, मग गालावरून फिरवला, मग दहा ठोकळे मोजून ओळीनं लावले आणि शेजारी दांडा ठेवला. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, दहा एकक म्हणजे दशक नाही."

सगळा वर्ग हसला. मी जाऊन पाहिलं. ती खरंच सांगत होती! दहा ठोकळे दांड्यापेक्षा साडेचार मिलिमीटर आखूड होते.

कारण शोधा बघू. मी ठोकळे बरोबर वीस मिलिमीटरचे कापले होते आणि दांडे बरोबर दोनशेचे. मग दोन्ही घासले. घासताना ठोकळ्याची लांबी अर्धा मिलिमीटर कमी झाली. दांड्याचीही अर्धाच. पण दांडा एकच होता आणि ठोकळे दहा! दांड्याचं नुकसान एकदा, ठोकळ्यांचं दहा वेळा. एकशे पंचाण्णव विरुद्ध एकशे साडेनव्याण्णव. एका ठोकळ्यात डोळ्याला न दिसणारी चूक दहा ठोकळ्यांत पहिलीतल्या मुलीलाही दिसली. मला स्वतःची लाज वाटली खरी, पण त्या दिवशी मी चौथीच्या मुलांना बोलावून हाच हिशेब फळ्यावर घातला. असलं उदाहरण पुस्तकात कुठे मिळणार!

दुसऱ्या खेपेला आम्ही पद्धत बदलली. आधी लाकडाची लांब पट्टी घ्यायची आणि तिच्या चारही बाजू पट्ट्यावर घासून घ्यायच्या. लांब पट्टी धरायला सोपी आणि बोटंही दूर राहतात. मग तिचे एकवीस मिलिमीटरचे तुकडे कापायचे. आता प्रत्येक तुकड्याची फक्त दोन टोकं उरली, सहाच्या जागी दोन. ती घासायला काकांनी हातभर लांबीची लाकडी पकड करून दिली. तिच्या टोकाला चौकोनी खाच आहे. ठोकळा तिच्यात घट्ट बसतो आणि थोडासाच बाहेर डोकावतो. बोट पट्ट्यापासून वीतभर लांब. मापासाठी भाच्यानं फळीवर दोन लोखंडी पट्ट्या बरोबर वीस मिलिमीटर अंतरावर बसवल्या. ठोकळा त्या गल्लीत अडकला, तर पुन्हा घासायचा. खुळखुळला, तर बाद. अलगद सरकत गेला, तर पास. भाचा परीक्षकासारखा ओरडायचा, "नापास! पास! पास! पुन्हा बसवा!"

आंबा आणि फणस यांतला फरकही तेव्हा कळला. आंब्यावर पट्टा भराभर चालतो. फणसाचा भुसा मात्र पट्ट्यावरच चिकटतो आणि मग पट्टा कापायचं सोडून नुसता तापतो, लाकडावर काळे डाग पडतात. तेव्हा जोर लावायचा नाही. क्रेप रबराच्या जुन्या चपलेचा तळ अडणीला टेकवून पळत्या पट्ट्यावर धरला, की अडकलेला भुसा निघून येतो. काकांची एक चप्पल त्यासाठी यंत्राशेजारी कायमची टांगलेली आहे. दुसरी कुठे गेली ते त्यांनाही माहीत नाही.

गेल्या वर्षी सावंतवाडीला गेले होते. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात. मी एक लाकडी आंबा उचलला, नेहमीसारखं त्यावरून बोट फिरवलं आणि उगाचच कुठे ओरखडा सापडतो का ते बघत बसले. सापडला नाही. दुकानदार म्हणाले, "आंबा पिकलाय का बघताय?"

नवे शंभर ठोकळे श्रावणात वर्गात गेले. दहा ठोकळे आणि एक दांडा, नखसुद्धा मधे जात नाही. त्या मुलीनं ते तीनदा लावून बघितले, मग मान डोलावली.

जुने आखूड ठोकळे टाकले नाहीत. मुलांनी त्यांना 'चोर ठोकळे' असं नाव ठेवलं आहे. मधल्या सुट्टीत कोणीतरी नव्या दहांत गुपचूप एक चोर मिसळतं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून, नुसतं बोटांनी चाचपून, तो ओळखायचा असतो. त्या मुलीला अजून कोणी हरवू शकलेलं नाही.